बळवंतकाकांचं भाषण

माइक हातात आला तेव्हा बळवंतने एवढंच ठरवलं होतं, खरं तेच सांगायचं.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात देवळासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पाकिस्तानशी लढाई थांबून चारच दिवस झाले होते, आणि ती थांबली कशाला, याचा राग लोकांच्या मनातून अजून गेला नव्हता. मंडळाच्या प्रज्योतने बळवंतला शाल घालून पुढे आणलं. बोट भरकटली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात चार वर्षं काढलेला माणूस वाड्यात हा एकच.

"मला तिकडं टायफॉइड झाला," बळवंत म्हणाला. "तिथला एक पहारेकरी. घरून औषध आणलं त्याने. पाच रात्री माझ्या उशाशी बसला. तो नसता तर मी—"

खुर्च्या करकरल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, मारलं की नाय ते सांगा ना!"

लोक हसले. प्रज्योत कानाशी वाकला. "काका, असलं नको. पब्लिक उठून जाईल."

बळवंतने समोर पाहिलं. सुटून आल्यापासून त्याला कुणी धड विचारलं नव्हतं. धक्क्यावर गेला तर पोरं मोबाइलमधून मान वर काढत नसत. आज सगळा वाडा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"मारलं," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी एक कानफटात बसली होती, तेवढीच. पण सगळे गप्प झाले. मग त्याने पट्ट्याचं सांगितलं. उलटं टांगल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या तसा त्याचा आवाज चढला. आपण इतकं चांगलं बोलतो हे त्याला माहीतच नव्हतं.

"कोण मारायचा, काका? नाव सांगा!"

त्या घाईत त्याला तिकडचं एकच नाव आठवलं.

"नझीर."

पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोने, जयाने, झटकन मान वर केली. मागच्या पोरांनी ते नाव उचललं. नझीर मुर्दाबाद, मुर्दाबाद. चिमुरडी पोरंसुद्धा मुठी वळून उड्या मारत होती.

घरी जाताना जया दोन पावलं पुढे चालत होती. दाराशी थांबली.

"पाच रात्री बसला होता ना तो?"

"नुसतं नाव घेतलं गं. त्याला कुठं कळणार आहे?"

"आपल्या पोरांना कळलं ना."

ती आत गेली. तेवढ्यात प्रज्योत धावत आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"काका, एकदम झकास! उद्या खाडीपलीकडचे मढवाले बोलावतायत. याच्या दुप्पट पब्लिक असेल."

बळवंतने दारातून आत पाहिलं. जया पाठमोरी होती.

"किती वाजता?" त्याने विचारलं.