विहिरीचा तळ

"ताई, खाली नको उतरूस. दगड सुटलेत," धाकटा म्हणाला, तोवर ती निम्म्या पायऱ्या उतरलीसुद्धा होती. चपला काठावर काढून, एका हाताने भिंत धरून. साठी उलटली तरी थोरलीचा हट्ट काही गेला नव्हता.

विहीर घरामागची, दोघांच्या लहानपणची. आज ती बुजवायची होती. तिथे गाड्या लावायला जागा होणार होती. राडारोडा भरलेला डंपर फाटकाबाहेर येऊन थांबला होता. थोरली दुसऱ्या गावाहून आली होती ती फक्त एकदा बघायला. आता बघणं सोडून उतरतच निघाली म्हटल्यावर धाकटाही नाइलाजाने मागोमाग गेला.

तळाशी भेगाळलेला गाळ. वर आभाळ ताटाएवढं.

"किती गार आहे रे अजून," ती म्हणाली. मग मान वर करून हसली. कठड्याच्या जरा खाली दगडांवर काळा पट्टा होता. "पाणी तिथवर असायचं. आणि तू! पाठीला डबा बांधलेला, तरी किंचाळायचास."

"तू ढकललंस म्हणून."

"मग? स्वतःहून उतरणार होतास थोडाच!"

धाकट्याला हसू आलं. सुटीत अख्खी आळी इथे पडलेली असायची. लाल डोळे, सुरकुतलेली बोटं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाका मारमारून दमायची. ओल्या केसांनीच सगळे जेवायला बसायचे, ताटात पाणी ठिबकायचं आणि बाबा कुणाला रागवायचे नाहीत, कारण त्यांचेही केस ओलेच असायचे.

काळ्या पट्ट्याखाली दुसरा पट्टा होता, त्याखाली आणखी एक, फिकट. धाकटा बोटाने दाखवत गेला.

"हा समोरची इमारत झाली तेव्हाचा. त्यांनी बोअर मारली. मग शेजारच्यांनी त्याहून खोल मारली." त्याने बोट खाली घेतलं. "मग आपण. सगळ्यात खोल आपलीच."

थोरली भिंतीपाशी खाली बसली होती. दगडाच्या फटीत तिने बोटं घातली, बाहेर काढली आणि उठून भावाच्या गालाला लावली. ओली होती.

"झरा आहे अजून."

"घामाएवढाही नाही ताई तो."

"असू दे. गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात सोडतोस ना? ते इथे सोड. भरलेली आपल्याला दिसायची नाही कदाचित. तरी सोड."

"घरात सगळ्यांचं ठरलंय गं. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात."

"राहू देत की. त्यांना कुठे तहान लागते?"

वर हॉर्न वाजला. मग फाटकापासून ड्रायव्हरची हाक आली, "साहेब, कुठे आहात? आणू का गाडी आत? विहिरीत पाणीबिणी नाही ना?"

धाकटा कोरड्या गाळात उभा होता. बूट धुळीने माखलेले. गालावरची ओल त्याने पुसली नव्हती.

"आहे!" तो ओरडला. आवाज भिंतींवर आपटत वर गेला. "डोक्यावरून आहे. गाडी परत न्या!"