गंजाखालचा नंबर

सावनेरहून आणलेली जुनी फियाट आमच्या नावावर व्हायची होती, पण बोनेटखालचा चेसिस नंबर गंजानं झाकला होता. "आकडे वाचता आले नाहीत तर गाडी परत न्या," आरटीओचे साहेब म्हणाले. कवडू मिस्त्रीनं हात टेकले. बाबा मला म्हणाले, "तू वाच वं. वाचला तं पहिले तुलेच चालवाले शिकवतो." बाबा आणि मिस्त्री दोघंही हसले. मी वहीचं पान गंजावर दाबलं आणि शाळेत नाण्यावर घासतो तशी पेन्सिल आडवी घासली. राखाडी रंगातून एकेक आकडा मासोळीसारखा वर येऊ लागला. मनात मी केव्हाच फुटाळा तलावाच्या काठानं गाडी घेऊन निघाले होते, कोपर खिडकीत, वेणी वाऱ्यावर. शेवटचा सात उमटला तेव्हा तलावाला एक चक्कर झाली होती. साहेबांनी आकडे ताडून सही केली. "फुटाळ्यापर्यंत तुम्ही चालवा, बाबा," मी काळी बोटं पुसत म्हणाले. "तिथून मी."