डावीकडची खिडकी

नागपूरहून चेन्नईला जाताना उजवीकडे माझं भद्रावती, डावीकडे मूलजवळचं बायकोचं माहेर लागतं, हे नकाशात पाहून मी गुपचूप विमानातल्या उजवीकडच्या सीटा निवडल्या. बायकोनं मात्र चढताक्षणी डावीकडच्या खिडकीपाशी रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा. "मावशी, ही सीट माझी," एक मुलगी म्हणाली. "रुमाल तं माह्या हाय! माह्यं माहेर इकडून दिसते पोरी, अन् ह्या बुढ्यानं मुद्दाम तिकडची घेतली." मुलगी हसत माझ्याशेजारी बसली. ढगांखाली धानाच्या बांध्या दिसल्या, तशी बायको खिडकीला चिकटून हात हलवू लागली. माहेरून निघताना एसटी दिसेनाशी होईपर्यंत तिचे बाबा बांधावर उभे राहून असाच हात हलवायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी मीही भद्रावतीकडे पाठ करून हात हलवला. विमानात बसल्यावर जावई माजला, असं सासऱ्यांना वाटायला नको.