वेगाचं बटण

पॅकिंगचा बेल्ट फार पळतो, हात पुरत नाहीत, अशी बायकांची तक्रार होती. मॅनेजरच्या सांगण्यावरून टेक्निशियन राजवर्धनने मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये नवा प्रोग्रॅम भरला आणि बेल्टशेजारी वेग कमी करायचं एक गोल बटण बसवून दिलं.

महिन्याभराने तो नोएडाच्या त्या कारखान्यात पुन्हा आला, तेव्हा बेल्टवर डबे भरणारी तानूबाई निघायच्या तयारीत होती. तिच्या दुखऱ्या मनगटाला पट्टा बांधलेला होता.

"बरं झालं भेटलास, बाळा. मी काम सोडलं आज."

"का, मावशी?"

"इतके दिवस बेल्टला नावं ठेवली. आता बटण पार खाली फिरवून ठेवते, तरी माझे डबे तुंबतातच. म्हणजे बेल्ट बिचारा ठीकच होता, माझेच हात थकले." ती हसली. "या सगळ्यांना सांगते मी, आपल्याकडचा मराठी मुलगा होता म्हणून ऐकलं. नाहीतर इथे कौन पूछता है?"

राजवर्धनने मान खाली घातली.

प्रोग्रॅममध्ये त्या बटणाला त्याने काहीच काम दिलेलं नव्हतं.