सोबतच्या व्यक्तीसाठी

बाळंतपणाला आणायच्या सामानाची दवाखान्याची यादी घेऊन ती जमिनीवर बसली. औषधांच्या दुकानात पाकिटांवर ‘जेवणानंतर’ लिहून लिहून हाताला वळणच पडलेलं, त्यामुळे इथेही प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी चिकटली: ‘बाळ आल्याबरोबर’, ‘दूध पाजताना’, ‘घरी जाताना’. यादीत शेवटी होतं, ‘सोबतच्या व्यक्तीसाठी’. तीही पिशवी तिने भरली.

“सोबत कोण येणार गं?” शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं. “माझे गुडघे धड असते तर मीच आले असते.”

“येईल की कुणीतरी,” म्हणत तिने बॅगेची चेन ओढली.

त्यानंतर पाचव्या दिवशी ती एकटीच दवाखान्यापुढे टॅक्सीतून उतरली. नर्सने बॅग उघडली आणि हसली. “इतकी टापटीप बॅग मी आजवर पाहिली नाही बाई. सोबत कोण आहे तुमच्या? त्यांची पिशवी त्यांना देऊन टाकते.”

तिने ती पिशवी नर्सपुढेच सरकवली. नर्सने मग स्वतःच पिशवी उघडली.



आत बिस्किटांचा पुडा होता, आणि त्यावर चिठ्ठी: ‘सिस्टर, ही तुमच्यासाठीच आहेत. कळ आली की माझा हात धराल का?’