लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी

लिफ्ट पुन्हा बंद पडली होती. ओमप्रकाश मेकॅनिकने खालच्या खड्ड्यातून गढूळ पाणी उपसलं आणि बादली खाली जमलेल्या रहिवाशांसमोर आणून ठेवली.

मे महिना. आभाळात ढग नाही. अकोल्यात नळ येतो तोही चार दिवसांआड, मग लिफ्टमध्ये पूर कुठून आला? बघता बघता सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या मजल्यावरच्या इंदूबाईंकडे वळल्या. यायच्या तिथे बरोबर आल्या म्हणायच्या.

“तुमीच पाण्याच्या कॅन नेता ना लिफ्टनं?” सोसायटीचे सचिव वामनराव म्हणाले. “सांडत असन. उद्यापासून तुमी जिन्यानं जात जा.”

इंदूबाईंचा हात गुडघ्यावर गेला. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिना चढवत नव्हता. लिफ्ट गेली की त्या घरात कोंडल्याच.

“थेंब नाई सांडत माह्या हातून,” त्या म्हणाल्या. “अन् भीमजयंतीपासून तं मी बडनेऱ्याले लेकीकडंच होती. परवा आली.”

“तेच म्हणतो मी. तुमी नव्हत्या तवा लिफ्ट मस्त चालली. तुमी आल्या अन् पाणी आलं.”

माना डोलल्या. इंदूबाईंना क्षणभर स्वतःचाच संशय आला.

ओमप्रकाशने बादली हुंगली. “फिनाईल आहे याच्यात, भाऊ. कोणीतरी लिफ्ट बदाबदा धुऊन राहिलं. दाराच्या फटीतून सारं खड्ड्यात. आणखी एकडाव झालं तं मशीन कामातून जाईन.”

फिनाईल म्हटल्यावर नजरा जिने पुसणाऱ्या शालूकडे गेल्या. शालूने खराटा भिंतीला टेकवला.

“माह्याकडं जिने आहेत, लिफ्ट नाई. लिफ्ट शकुनताई सोता धुतात. इंदूमावशी उतरून गेल्या की धुतात.”

शकुनताई म्हणजे वामनरावांच्या पत्नी. त्यांनी पदर सावरला. “मंग? स्वच्छता नाई ठेवाची काय?”

इंदूबाईंना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. या बिल्डिंगीतले लोक लिफ्ट किती चकचकीत ठेवतात, हे त्यांनी लेकीला कौतुकाने सांगितलं होतं.

ओमप्रकाशने बटण दाबलं. लिफ्ट सुरू झाली. इंदूबाई आत गेल्या, कोपऱ्यात सरकल्या आणि जाळीचं दार हाताने धरून ठेवलं.

“या ना. जागा आहे.”

“तुमी व्हा पुढं,” वामनराव म्हणाले. “मले डॉक्टरनं चालाले सांगितलं.”

इंदूबाई थोडा वेळ थांबल्या. मग दार लावून एकट्याच वर निघाल्या. जाळीतून त्यांना दिसलं, सगळे जिना चढत होते. पाचव्या मजल्यावरचेसुद्धा.