पेपर संपेपर्यंत

अकाउंटन्सीच्या शेवटच्या परीक्षेचा पॅटर्न बदलला आणि पेपर घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायचा ठरला. बाहेरून साधा आवाज जरी आला, तरी पेपर रद्द!

लेकीचा हा शेवटचा अटेंप्ट. ती आत सराव करायची आणि बाहेर अख्खं घर गप्प बसायची तालीम करायचं. आईने बेलची वायर काढली, मिक्सरला सुट्टी दिली. प्रश्न उरला बाबांच्या दम्याच्या खोकल्याचा.

"टॉवेल कोंबून बसेन की तोंडात," बाबा म्हणाले. "नाहीतरी लग्न झाल्यापासून तोंड मिटूनच बसलोय!"

"पुरे झाला चावटपणा," आई म्हणाली.

पेपरच्या दिवशी घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पेपर संपवून लेक नाचतच बाहेर आली.

"आई, मस्त गेला! आणि बाबा एकदासुद्धा खोकले नाहीत गं!"

निपचित पडलेल्या बाबांचं डोकं मांडीवर घेऊन आई बसली होती. टॉवेल आता तिच्या तोंडात होता.



तो काढून तिने विचारलं, "कॅमेरा बंद केलास ना नक्की?" आणि मग हंबरडा फोडला.